रिंगण आणि चौकट

एनबीसी वाहिनीवरच्या 'वर्ल्ड ऑफ डान्स' या स्पर्धेत शंभर गुण पाच कप्प्यांत वाटलेले असत : सादरीकरण, तंत्र, नृत्यरचना, कल्पकता आणि मांडणी. प्रत्येकाला वीस. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग हा नाच पहिल्यांदा खेळ म्हणून आला. तिथले परीक्षकही पाचच गोष्टी पाहत होते आणि त्यांचं वजनही सारखंच होतं : तंत्र, हालचालींचा साठा, सफाई, स्वतःची शैली आणि संगीताची जाण. तंत्र दोन्ही याद्यांत आहे. कल्पकता आणि स्वतःची शैली यांचंही नातं लावता येईल. पण टीव्हीच्या यादीत संगीत कुठेच नाही, आणि ऑलिंपिकच्या यादीत 'दिसतं कसं' याला वेगळा गुण नाही. दोन्ही नाच निघाले एकाच घरातून. एक रिंगणात वाढला, दुसरा टीव्हीच्या चौकटीत. चौकटीतला तो कमअस्सल, असं हिपहॉपचे कडवे भक्त म्हणतात. वसई, नालासोपारा, भाईंदरकडच्या पोरांचे नाच पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मला ते पटेनासं झालं आहे.

आधी रिंगण. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीतल्या एका पार्टीत डीजे कूल हर्क रेकॉर्डी लावत होता. गाण्यात गायक गप्प बसतो, बाकीची वाद्यं बाजूला होतात आणि नुसता ताल उरतो, त्या काही सेकंदांसाठी पोरं टपून बसलेली असतात हे त्यानं हेरलं होतं. तो तुकडा म्हणजे ब्रेक. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर फिरवून हर्क तो तुकडा लांबवत नेऊ लागला. तमाशात गाणारीण थांबली आणि ढोलकीवाला एकटाच सुटला की प्रेक्षक सावरून बसतो, तसे तिथले लोक सावरून उभे राहायचे आणि मधे जागा करून द्यायचे. त्या जागेत उतरणारा तो बी-बॉय. नाचणारे त्या जागेला सायफर म्हणतात; आपण रिंगण म्हणू.

रिंगणाला दर्शनी बाजू नसते. एवढं ध्यानात घेतलं की ब्रेकिंगचं अर्धं व्याकरण आपोआप सुटतं. उभ्यानं केलेला टॉपरॉक आटोपून नाचणारा खाली जातो, हातांवर भार टाकतो आणि पाय सहा पावलांत अंगाभोवती फिरवून आणतो, ही सिक्स-स्टेप. मग खांद्यावरून पाठीवर लोळत जाणारं विंडमिल, डोक्यावरची गिरकी, जिम्नॅस्टिक्सच्या पॉमेल हॉर्सवरून जमिनीवर उतरलेली फ्लेअर. सगळं गोल. चहूबाजूंनी माणसं उभी असताना एकाच दिशेला तोंड करून नाचणं म्हणजे निम्म्या लोकांचा अपमान. म्हणून शरीराची पुढची बाजू कुठली आणि पाठ कुठली, हेच पुसून टाकायचं. आणि ते पुसलं जातंय असं वाटत असताना फ्रीझ : कोपरावर, कानशिलावर, पाय वेडेवाकडे हवेत ठेवून जागच्या जागी थिजायचं. फ्रीझ म्हणजे समोरच्याला 'आता तू बोल' असं सांगणं.

याच्या अगदी उलट मूनवॉक. 16 मे 1983 ला एनबीसीवर 'मोटाऊन 25' दाखवलं गेलं आणि मायकल जॅक्सनची ती दोन-तीन सेकंदांची माघार घराघरांत पोचली. ही चाल त्याच्या आधीही नाचणाऱ्यांना ठाऊक होती. पण मूनवॉक बाजूनं पाहिला तरच मूनवॉक असतो. नाचणारा ज्या रेषेत सरकतो त्याच रेषेत तुम्ही उभे असाल तर एक माणूस लांब चाललाय एवढंच दिसेल. पाय पुढे टाकतोय आणि अंग मागे जातंय, ही गंमत काटकोनात बसलेल्यासाठीच असते. रिंगणात असे लोक निम्मे. टीव्हीसमोर मात्र सगळेच काटकोनात बसलेले! त्या चालीला तिची हक्काची जागा चौकटीत मिळाली.

आपल्याकडे बी-बॉय पोचायच्या आधी मायकल पोचला, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे ब्रॉंक्सचं जमिनीवरचं ब्रेकिंग, कॅलिफोर्नियाकडचं पॉपिंग आणि लॉकिंग, त्यात मूनवॉक, असं सगळं एकाच गाठोड्यात बांधून 'ब्रेक डान्स' या नावानं गल्लीत उतरलं. 1985 च्या 'मेरी जंग'मध्ये जावेद जाफरी नाचला आणि अंगात हाडं नसलेला हा मुलगा कोण म्हणून लोक चमकले. 1 नोव्हेंबर 1996 ला खुद्द मायकल अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला. निमंत्रण शिव उद्योग सेनेचं, विमानतळावर मराठमोळ्या वेशात आरती घेऊन सोनाली बेंद्रे. एखाद्या विनोदी लेखकानं हा प्रसंग रचला असता तर संपादकानं अतिशयोक्ती म्हणून कापला असता. त्याच वर्षी सोनी वाहिनीवर 'बूगी वूगी' सुरू झालं. जावेद, नावेद आणि रवी बहल या तिघांच्या त्या कार्यक्रमात गुणांपेक्षा गप्पा जास्त. लहान मुलं यायची, त्यांच्या आया यायच्या, आणि जावेदला राहवलं नाही तर तो स्वतःच उठून नाचायचा. स्टुडिओत असूनही रिंगणाचा थोडा अंश तिथे शिल्लक होता, कारण बघणारा कधी नाचणारा होईल याचा नेम नव्हता. पुढच्या रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांनी हा अंश झाडून बाहेर काढला आणि त्या जागी प्रेक्षकांची मतं, घरची दुःखं आणि सारंगीचा सूर आणून बसवला.

या चौकटीत नालासोपारा-वसईच्या पोरांनी आपलं घर केलं. सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो यांचा 'फिक्टिशस' हा ग्रुप. 2011 साली त्यांच्या मंडळींनी 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकलं. पुढे 'किंग्ज युनायटेड' या नावानं 2015 मध्ये सॅन डिएगोच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेत कांस्यपदक. त्याच वर्षी त्यांच्या वाटचालीवर बेतलेला रेमो डिसूझाचा 'एबीसीडी 2' आला. त्या चित्रपटाची सुरुवातच नायकांवर नाच चोरल्याचा आरोप होण्यापासून होते. हिपहॉपमध्ये दुसऱ्याची चाल उचलण्याला 'बाइट' म्हणतात आणि त्याहून मोठी शिवी त्या जगात नाही, तेव्हा कथानकाची नाडी बरोबर पकडली होती. मे 2019 मध्ये 'द किंग्ज' या नावानं या ग्रुपचे चौदा जण 'वर्ल्ड ऑफ डान्स'चा तिसरा मोसम जिंकले. जेनिफर लोपेझ, नी-यो आणि डेरेक हफ या तिन्ही परीक्षकांचे पूर्ण शंभर गुण आणि दहा लाख डॉलर.

शंभर गुण कशाला पडले, ते पाहण्यासारखं आहे.

डोळ्यांत आधी भरते ती रचनेची समोरची बाजू. चौदा देह एकमेकांच्या मागे, बाजूला आणि वर असे रचलेले असतात की पाहणाऱ्याला एकच प्रचंड प्राणी दिसावा, हात मात्र वीस-पंचवीस. कॅमेरा चार पावलं डावीकडे सरकला तर ते चित्र फुटेल. मागच्या माणसाचा वाकलेला गुडघा दिसेल, कुणाचा तोल कुणाच्या खांद्यावर आहे ते उघडं पडेल. ब्रॉंक्सच्या पोरानं पाठ आणि पोट यांतला भेद पुसला. या पोरांनी पाठ लपवण्याचीच कला केली. दोन्ही उपद्व्याप सारखेच अवघड आहेत.

मग उंची. टीव्हीची चौकट आडवी असली तरी नाचणारा जमिनीवर लोळायला लागला की तिचा वरचा अर्धा भाग रिकामा पडतो. जमिनीलगतचं बारीक पायकाम रिंगणात तीन फुटांवरून थरारक वाटतं, पण सोफ्यावरून पाहताना ते घरंगळलेल्या भांड्यासारखं वाटू शकतं. किंग्जनी हा रिकामा भाग भरला. एक जण धावत येतो, दोघांच्या गुंफलेल्या हातांवर पाय देतो आणि बाकीच्यांच्या डोक्यांवरून आडवा उडत जातो. तो खाली येईपर्यंत खालच्या रांगा बदललेल्या असतात आणि तो जिथे पडायला हवा तिथे सहा हात आधीच पोचलेले असतात. हे दहीहंडीवरून घेतलंय असा माझा दावा नाही. पण जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं 2012 मध्ये ठाण्यात नऊ थर लावून 43.79 फुटांचा विक्रम केला तो ज्या मुलखात, त्याच मुलखातली ही पोरं आहेत, आणि माणसावर माणूस चढतो तेव्हा काय होतं हे तिथल्या पोराला शाळेत जायच्या आधी कळलेलं असतं. फरकही आहे. गोविंदांच्या थरात उंची सावकाश कमावली जाते. पाया बसतो, एकेक थर उभा राहतो, एक्का वर पोचून सलामी देतो आणि सगळे जण ती उंची काही क्षण तोलून धरतात. किंग्जकडे उंची उधारीची असते. हवेत गेलेला माणूस दीड सेकंदात परत करायचा, आणि परत करताना तालाची मात्रा चुकवायची नाही.

फ्रीझचं त्यांनी काय केलं तेही बघण्याजोगं आहे. तेरा जण थिजतात आणि एकच हलतो, की डोळे आपोआप त्या एकाकडे जातात. रिंगणातलं आव्हान इथे बोट दाखवण्याच्या कामाला लागलं. चौकटीत शंभर गोष्टी एकदम हलल्या तर प्रेक्षकाला काहीच दिसत नाही. दिग्दर्शकाचं काम ही पोरं अंगानंच करून टाकतात. आणि रिंगणातला खरा प्रतिस्पर्धी इथे नसल्यामुळे तो आपल्यातूनच घडवावा लागतो. म्हणून त्यांच्या नाचात इतकी युद्धं असतात. सात जण एका बाजूला, सात दुसऱ्या. नसलेल्या तलवारी, वटारलेले डोळे, कोसळणारी रांग. कधी कधी हा आवेश मला जास्त होतो. डोळे जरा कमी वटारले तरी चाललं असतं.

संगीताबद्दल मात्र त्या गुणपत्रिकेला मी दोष देईन. एका फेरीसाठी किंग्जनी 'सरदार गब्बर सिंग' या पवन कल्याणच्या तेलुगू चित्रपटातलं गाणं निवडलं होतं. नालासोपाऱ्याची पोरं, लॉस एंजेलिसचा स्टुडिओ, आणि नायकाच्या एन्ट्रीला वाजणारा आंध्रचा दणका! ही निवड केवळ आवाज मोठा म्हणून झालेली नाही. दक्षिणेतल्या असल्या 'मास' गाण्यांत नायक चालत येतो, थांबतो, मान वळवतो, आणि प्रत्येक थांब्यावर ताशांचा एक ठोका राखून ठेवलेला असतो. नुसत्या तालाचे असे तुकडे तिथे ओळीनं मिळतात. हर्कला एकेका रेकॉर्डीतून शोधून काढावा लागला तो ब्रेक इथे आयता, आणि वर तो चित्र थांबवण्यासाठीच लिहिलेला. चौकटीत नाचणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? हे ऐकणारा कान त्या चौदा जणांपाशी होता, पण संगीताच्या जाणिवेचा रकाना तिथे नव्हताच.

मी हे लिहितोय ते चंदीगडला खेटून असलेल्या झिरकपुरात बसून. हे गाव फ्लॅटचं आणि मॅरेज पॅलेसचं; लग्नसराईत ढोल ऐकायला बाहेर पडावं लागत नाही, तो खिडकीतून येतो. इथल्या लग्नांत भांगड्याचा भाड्यानं आणलेला ग्रुप हल्ली एका रांगेत, कॅमेऱ्याकडे तोंड करून नाचतो आणि शेवटी एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरा करतो. पूर्वी हा नाच ढोलवाल्याभोवती फिरत होता. 1950 च्या दशकात पतियाळा ही राजधानी असलेल्या पेप्सू राज्यातून, सुनामच्या मनोहर दीपक आणि भाना राम ढोली यांचं पथक दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाला गेलं, पुढे 1957 च्या 'नया दौर'मध्ये दिसलं, आणि वर्तुळाची रांग होत गेली. पाहुण्यांच्या मंचापुढून जायचं तर तोंड मंचाकडे हवंच. म्हणजे टीव्हीनं नाच बिघडवला हा आरोप टीव्हीला जरा उशिराच लागू होतो. रिंगणाची चौकट करणारे मंच, पडदे आणि पाहुणे टीव्हीच्या आधीपासून होते.

तरीही काहीतरी हातचं जातं, आणि ते काय हे पॅरिसनं स्वच्छ दाखवलं. ऑगस्ट 2024, कॉन्कॉर्डचा चौक, गोल मंच. टीव्हीवरच पाहिलेलं हेही, पण नियम रिंगणाचे. डीजे काय लावणार हे नाचणाऱ्याला आधी माहीत नसतं. परीक्षक नऊ, आणि ते दोघांची तुलना करतात, म्हणून 'शंभरपैकी शंभर' असं तिथे काही होऊच शकत नाही. मुलींच्या अंतिम लढतीत जपानची आमी आणि लिथुआनियाची सतरा वर्षांची निका. निकाचा नाच धारेवर चालतो. ती जमिनीशी भांडते. आमी जमिनीला गुळगुळीत करते. तिचं पायकाम एका दिशेनं चाललेलं असतं आणि कुठल्या क्षणी ते उलटं फिरलं हे तुम्हाला एक ठोका उशिरा कळतं. आधी बसवलेल्या नाचात असा उशीर प्रेक्षकासाठी राखून ठेवावा लागतो. इथे तो गाणं नुकतंच कानावर पडलेल्या पायांतून येतो. सुवर्ण आमीला गेलं, आणि मला ते योग्य वाटलं. मुलांमध्ये कॅनडाचा फिल विझार्ड जिंकला. त्याचा हात कुठल्या पायाच्या फटीतून बाहेर येईल हे त्याच्याबरोबर सराव करणाऱ्यालाही सांगता येत नसावं.

त्याच मंचावर ऑस्ट्रेलियाची रेगन नाचली आणि कांगारूसारख्या उड्यांपायी जगभर चेष्टेचा विषय झाली. तिन्ही लढतींत मिळून तिला परीक्षकांचं एकही मत मिळालं नाही, आणि तो निकाल मला चुकीचा वाटत नाही. पण ज्यांनी तिची चेष्टा केली त्यातल्या बहुतेकांनी तिला प्रतिस्पर्ध्याशिवाय पाहिलं, मोबाइलवर, कापलेल्या सहा सेकंदांत. रिंगणातला माणूस एकट्यानं चौकटीत ठेवला की तो हास्यास्पद दिसतो. फिल विझार्डचेही सहा सेकंद चुकीच्या ठिकाणी कापून दाखवा, गल्लीत वेड लागलेला माणूस वाटेल.

मुंबईनं ही दोन्ही रूपं एकाच वर्षी अनुभवली. 2019 च्या मे महिन्यात किंग्ज जिंकले, आणि 9 नोव्हेंबरला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये रेड बुल बीसी वन या ब्रेकिंगच्या स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी झाली. नेदरलँड्सचा मेनो तिथे तिसऱ्यांदा विजेता ठरला, मुलींमध्ये रशियाची कास्टेट. ज्या शहराच्या उपनगरांतून जगाला चौकटीतला नाच मिळाला, त्याच शहरात जगातले रिंगणाचे राजे उतरले होते. पण घराघरांत बोललं गेलं ते किंग्जबद्दल. फेब्रुवारीत आलेल्या 'गली बॉय'मुळे रॅपचंही नाव झालं होतं. जमिनीवरच्या नाचाच्या वाट्याला त्या मानानं फार थोडं आलं, आणि मला याची हळहळ वाटते.

तरी चौकटीच्या बाजूनं माझं शेवटचं आणि सगळ्यात बळकट उदाहरण किंग्जचं नाही. ते व्ही अनबीटेबलचं आहे. भाईंदर-नायगावकडच्या वस्त्यांतली ही पोरं, दोन डझनांहून जास्त. सराव करताना पडून विकास नावाचा त्यांचा साथीदार गेला. ग्रुपच्या नावातला 'व्ही' त्याचा. 2019 च्या 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये ते चौथे आले, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये त्याच स्पर्धेची 'चॅम्पियन्स' आवृत्ती त्यांनी जिंकली. रजनीकांतच्या 'पेट्टा'मधलं 'मरण मास' त्यांनी त्या मंचावर वाजवलं. किंग्जइतकी रेखीव रचना त्यांच्यापाशी नाही. कडा खडबडीत आहेत, रांगा मधेच सैल होतात. पण फेक भयंकर आहे. मुलगा एका मनोऱ्यावरून सुटतो, हवेत दोनदा फिरतो आणि मंचाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो.

आणि नेमकं तेव्हाच टीव्हीवाले कट करून परीक्षकाचा वासलेला जबडा दाखवतात. या एका सवयीबद्दल त्यांना माफी नाही.

कट टाळून पाहायचं असेल तर मी एक युक्ती करतो : उडणाऱ्याकडे पाहतच नाही. झेलणाऱ्यांकडे पाहतो. ते सहा-सात जण कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे असतात. त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश नाही, त्यांना मुद्रा नाही, आणि मांडणीचे वीस गुण त्यांच्यासाठी नाहीत. मुलगा सुटायच्या आधी अर्धी मात्रा ते गुडघ्यात वाकतात. किती जोरानं फेकलं गेलंय, तो आज नेहमीपेक्षा तिरका येतोय का, फरशी घसरडी आहे का, हे त्यांना आधी माहीत नसतं. ते त्या क्षणी ओळखून दोन पावलं सरकतात. समोरून काय येईल ते ठाऊक नाही आणि उत्तर मात्र तालातच द्यायचं, ही रिंगणाची जुनी अट आहे, आणि बसवलेल्या नाचाच्या आत, कॅमेऱ्याकडे पाठ केलेल्या या पोरांनी ती पाळलेली असते. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग नाही. आयोजकांनी ते घेतलेलं नाही. टीव्हीवर नाचाच्या स्पर्धा चालूच राहतील, आणि त्यांत झेलणारेही असतील.